बेंचमार्कला पास, मेनूत नापास

प्रश्न: दादा, माझा आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप आहे, आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे कोअरचा (मुख्य चिपचा) वेग +१७० आणि मेमरीचा +९०० मेगाहर्ट्झ वाढवला. टाइम स्पाय हा बेंचमार्क (कार्डाची ताकद मोजणारी टेस्ट) तीनदा चालवला, काही झालं नाही, स्कोअरपण वाढला. पण गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी होते, दोन-तीन सेकंदांनी परत येते आणि गेम बंद पडलेला असतो. मारामारी चालू असताना कधीच नाही, मेनू उघडला किंवा मॅप बघत बसलो की होतं. टेंपरेचर ८० च्या आसपास. आई म्हणते विकून टाक. (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: आईला म्हणावं जरा थांब, कार्ड बहुतेक ठणठणीत आहे. मेनूचं तू जाता जाता लिहिलंयस ना, घोळ तिथेच आहे. लॅपटॉपच्या कार्डाला वॅटचं कुंपण असतं, मारामारीत लोड वाढला की कार्ड त्या कुंपणाला टेकतं आणि क्लॉक (चिपचा वेग) आपोआप खाली येतो, टाइम स्पायमध्येपण बराच वेळ हेच चालतं म्हणून तू पास. मेनू उघडलास की लोड पडतो, वॅट शिल्लक राहतात, कार्ड थोडं गार होतं आणि क्लॉक एकदम वर उडी मारतो, त्यात तुझे १७० आहेतच, आणि तेवढं त्या व्होल्टेजला झेपत नाही. कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) रीसेट करतं, ती तुझी काळी स्क्रीन. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) सिस्टिम लॉग उघडून ४१०१ नंबर शोध, बहुतेक सापडेल.

आता आधी सगळं शून्यावर आण, आणि विंडोज चालू होताना ओव्हरक्लॉक लावायचं बटण बंद कर, हे लोक हमखास विसरतात. शून्यावरपण क्रॅश झाला तर ओव्हरक्लॉकला शिव्या देऊ नकोस, सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं टूल) ड्रायव्हर पुसून नवा टाक. नाही झाला तर एकटा कोअर +५० पासून, १५-१५ ने वर. मेमरीला तोवर हात लावायचा नाही, दोन्ही एकदम वाढवलं की चोर कोण ते कळत नाही. मेमरी जास्त झाली की सहसा रंगीत ठिपके, चमकणारे टेक्स्चर दिसतात, शिवाय ती त्याच वॅटमधून खाते, म्हणजे कोअरच्या ताटातलंच.

मला विचारशील तर लॅपटॉपवर +१७० चा नादच सोड, अंडरव्होल्ट कर, म्हणजे चिप कमी व्होल्टेजवर चालव. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल एफ दाबून कर्व्ह (कुठल्या व्होल्टेजला किती वेग त्याचा आलेख) उघड, कोअरचा स्लायडर इतका खाली ओढ की सगळी रेघ १७५० च्या खाली जाईल, मग ८५० मिलीव्होल्टचा ठिपका उचलून १७५० मेगाहर्ट्झला ने, अप्लाय केलं की उजवीकडची रेघ सपाट होते. सपाट झाली की मेनूतली उडीच बंद. माझ्या लॅपटॉपला ८५० ला १७५० झेपलं, तुझं कार्ड कुरकुरलं तर १७०० ठेव, प्रत्येक चिप वेगळी. आणि हो, घोडबंदरला धूळ किती ते तुला मी काय सांगू, पंखे एकदा उघडून साफ करून घे.

टेस्ट करताना नुसता बेंचमार्क नको. गेम लाव, पाच मिनिटं मारामारी, मग मेनू उघडून तसाच ठेव आणि चहा पिऊन ये, परत मारामारी, परत मेनू. असं तासभर टिकलं तर मला कळव, मगच मेमरीचं बघू.