आवडत्या कथाविश्वावर हक्क लेखकाचा की वाचकांचा?

लहानपणापासून आवडणाऱ्या एका पात्रावर आपण आणि आपल्या मित्रांनी नव्या गोष्टी लिहिल्या, तर त्या पात्रावर तुमचाही काही हक्क निर्माण होतो का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हक्क निर्माण होतो. मात्र तो मालकीचा नाही, राखणीचा आहे.

कायद्याची बाजू आधी सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांचा हक्क २०६१ च्या अखेरीपर्यंत राहील. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकून टाकल्यावरही, आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड लेखक थांबवू शकतो. हे मला अगदी योग्य वाटते.

पण कायद्यात न मावणारी एक गोष्ट मी नागपुरातल्या एका सुटीतल्या वाचनवर्गात पाहिली आहे. एका मुलीने आपल्या गोष्टीत फास्टर फेणेला, म्हणजे बन्याला, भर उन्हाळ्यात नागपूरला आणले, सायकलवरून फुटाळा तलावाला पाठवले आणि चोर सापडल्यावर त्याच्या तोंडी लांबलचक बढाई घातली. तिचे वाचन संपण्याआधीच मागून आवाज आला, "बन्या असं नाही बोलत ना! तो नुसता ट्टॉक् करतो." मग मुलांनी पुस्तके उघडून पुरावे काढले, वाद बराच रंगला आणि शेवटी तिने ती बढाई स्वतःच खोडली. त्या मुलांनी भागवतांना कधी पाहिलेले नाही, तरी त्यांच्या पात्राचा तोल ती इतक्या निष्ठेने सांभाळत होती की, स्वतः लेखकानेही कौतुकाने ऐकत बसावे.

अशी निष्ठा आपल्याकडे नवी नाही. कालिदासाच्या मेघदूतातला विरही यक्ष ज्या रामगिरीवर राहतो, तो म्हणजे नागपूरशेजारचे रामटेक, असे अनेक अभ्यासक मानतात. नवव्या शतकात जैन आचार्य जिनसेनांनी या काव्याचे चरण आपल्या 'पार्श्वाभ्युदय' या काव्यात गुंफले. प्रत्येक श्लोकात एक किंवा दोन चरण कालिदासाचे आणि बाकीचे स्वतःचे, अशा रीतीने त्यांनी यक्षाच्या विरहातून तीर्थंकर पार्श्वनाथांची कथा उभी केली. मेघदूताचा जुना पाठ कसा होता हे ठरवताना अभ्यासकांना आज याच काव्याचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे ज्याने मूळ काव्य घेऊन निराळे काही रचले, त्यानेच ते जपलेही.

वाचकांनी लेखकावर हुकूम चालवावा, हे मात्र मला मान्य नाही. कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये मारलेला शेरलॉक होम्स १९०३ मध्ये परत आणला, त्यात वाचकांच्या रेट्याचा आणि प्रकाशकांनी देऊ केलेल्या पैशांचा वाटा होता. तरी निर्णय डॉयल यांचाच होता, आणि तो त्यांचाच असायला हवा होता.

तेव्हा आपण जरूर लिहा, आपसांत वाचा आणि प्रत्येक गोष्टीवर मूळ लेखकाचे नाव ठळकपणे द्या. पुस्तक छापायचे किंवा विकायचे असेल, तर आधी लेखकाची, ते हयात नसल्यास हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या आणि विनंतीसोबत आपली सर्वांत चांगली गोष्ट जोडा. परवानगी मिळाली नाही, तर नाव, गाव आणि लकबी बदलून आपले स्वतंत्र पात्र घडवा.