ग्लुकोजची बाटली नासली म्हणून लाइन बदलायची का?

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय, थोडक्यात असं: मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला क्लोरेला घेतलंय, म्हणजे हिरवं सूक्ष्म शेवाळ. एकदा उजेडात आणि एकदा अंधारात ग्लुकोज घालून वाढवून बघायचंय. ग्लुकोजच्या बाटल्या दोनदा नासल्या, वास मारायला लागल्या, पोरगी रडकुंडीला आली, म्हणते ही लाइनच नको. वडील साखर कारखान्यात आहेत, त्यांना वाटतंय मळी (मोलॅसिस) भरपूर आहे तर यात काही धंदा होईल का, आणि एमएस्सी कशात करावं.

दादा नमस्कार. आधी तिला सांगा की बाटली नासली यात तिला काही जमत नाही असं अजिबात नाही. उजेडातल्या बाटलीत नुसते क्षार असतात, तिथे जिवाणूंना खायला फारसं काही नसतं म्हणून ते असले तरी दबून राहतात. ग्लुकोज घातलं की पंगतच बसते. जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात, क्लोरेलाला त्यासाठी कित्येक तास लागतात, मग जिंकणार कोण? माझा अंदाज, तिचं मूळ कल्चरच आधीपासून शुद्ध नसणार, उजेडात ते दिसलं नाही इतकंच. न्यूट्रिएंट अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, त्या कल्चरची एक रेघ ओढून बघायला सांगा, दोन दिवसांत कळेल.

आता मुख्य गोष्ट. उजेडावर वाढवणं आणि साखरेवर वाढवणं हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, जीव एकच असला तरी. उजेडाच्या पद्धतीत शेवाळ दाट झालं की वरच्या पेशी खालच्यांवर सावली धरतात, म्हणून उघडे हौद वीस-तीस सेंटीमीटरच खोल ठेवतात आणि एक लिटर पाण्यात जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम माल मिळतो, बाकी सगळं पाणी काढत बसायचं. म्हणजे जागा, ऊन, पाणी, गाळणी यांचं काम. अंधारातल्या पद्धतीत स्टीलची टाकी, हवा, ढवळणं, ग्लुकोज, आणि नीट जमलं तर लिटरला शंभर ग्रॅमच्या वरसुद्धा नेलंय लोकांनी. पण एक किलो शेवाळाला साधारण दोन-अडीच किलो ग्लुकोज जातं आणि ते कार्बन डायऑक्साइड शोषत नाही, उलट बाहेर सोडतं. त्यामुळे साखरेवर वाढवून पर्यावरण वाचवतो असं कुणी सांगितलं तर ती साखर ज्या उसातून आली त्याची जमीन आणि पाणी हिशेबात धरलंय का ते विचारा.

मळीचं म्हणाल तर तुमच्यासारखाच विचार कॅलिफोर्नियातल्या सोलाझाइम कंपनीने केला होता, २००३ साली सुरू झालेली. क्लोरेलाच्या जवळच्या नात्यातलं प्रोटोथिका नावाचं रंगहीन शेवाळ अंधारात साखरेवर वाढवून तेल काढायचं. ब्राझीलमध्ये साखर कारखान्याला लागूनच प्लांट उभा केला. इंधनावरून खाद्यपदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनांकडे वळले, नावही बदललं, आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेले. विज्ञान चाललं होतं, हिशेब बसला नाही. शिवाय मळीतली साखर बरीचशी सुक्रोज असते, बहुतेक क्लोरेला ती सरळ खात नाही, आधी फोडावी लागते, आणि तुमच्या मळीला डिस्टिलरी गिऱ्हाईक आहेच. तेव्हा घरचे पैसे यात आत्ता घालू नका, हे मी कळकळीने सांगतेय.

पण हे शिक्षण मात्र सोडू नका. निर्जंतुक काम, फर्मेंटरमधला (म्हणजे त्या स्टीलच्या टाकीतला) ऑक्सिजन, साखर किती गेली आणि माल किती आला याचा ताळा, हे ज्याला येतं त्याला लस, एन्झाइम, औषधं कुठेही काम मिळतं, पुण्यात तर असे कारखाने आहेतच. तिला टाकीचं काम आवडत असेल तर एमएस्सी बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजी, त्यासाठी जॅम आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेशपरीक्षा द्याव्यात. हौद, ऊन, निसर्गातलं शेवाळ आवडत असेल तर बॉटनीत शैवालशास्त्र घ्यावं, भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत शेवाळावर काम चालतं, तिथे प्रोजेक्टसाठी अर्ज करून बघावा. नुसतं बायोटेक नावाला भुलून भरमसाट फीच्या खाजगी कॉलेजात घालू नका, आधी तिथे चालू असलेला फर्मेंटर आहे का ते स्वतः जाऊन बघा, धूळ बसलेला नव्हे.

आणि बाळा, हे तुझ्यासाठी. चार प्रकारच्या बाटल्या लाव, उजेड, उजेड अधिक ग्लुकोज, अंधार अधिक ग्लुकोज, नुसता अंधार, प्रत्येकी तीन. अंधारवाल्यांना फॉइल गुंडाळ. ग्लुकोज वेगळं निर्जंतुक करून मग मिसळ. अंधारात पेशी फिकट पडू शकतात, म्हणून ६८० नॅनोमीटरच्या रीडिंगवर विसंबू नकोस, त्यात हिरवा रंगही मोजला जातो, नुसता गढूळपणा मोजायला ७५० वर घे आणि सुकं वजन कर, आणि दर वेळी मायक्रोस्कोपखाली जिवाणू दिसतात का ते बघच. नासलेल्या दोन बाटल्यांची नोंद रिपोर्टमधून काढू नकोस, का नासल्या ते लिही, मुलाखतीत मी असते तर तेच पान आधी उघडलं असतं.