पाच हजारांचं गणित आणि पुण्याचे महिने

वर्षात सायकलवर ५००० किलोमीटर ठरवले, ३६४० झाले. जुलै-ऑगस्ट मिळून जेमतेम दीडशे, ऑक्टोबर पूर्ण डेंग्यूत गेला. आता भरपाई म्हणून पुढच्या वर्षी ६००० ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. नका ठेवू.

आधी तुमचेच आकडे नीट बघा. ते तीन महिने बाजूला काढले तर उरलेल्या नऊ महिन्यांत ३४९० झालेत, म्हणजे महिन्याला जवळपास ३८८. पाच हजारांना महिन्याला ४१७ लागतात. नोकरी सांभाळून, नियमित सायकलिंगच्या पहिल्याच वर्षी, एवढं जवळ आलात! चूक झाली ती लक्ष्य बारा महिन्यांवर सारखं वाटण्यात.

पुण्यात महिने सारखे नसतातच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले सुगीचे दिवस. एप्रिल-मेमध्ये पाचला निघून आठच्या आत घरी यावं लागतं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी खडकवासल्याला गाड्यांची रांग लागलेली असते, सिंहगडाच्या घाटात दरडीची धास्ती असते. रिम ब्रेक भिजले की सायकल थांबायला जास्त अंतर घेते, झेब्रा पट्ट्यांचा रंग आणि ड्रेनेजची लोखंडी झाकणं निसरडी होतात. मी जून ते सप्टेंबर महिन्याला २०० धरते, थंडीचे चार महिने ६०० आणि उरलेले चार ४००. बेरीज ४८००. तुम्हालाही हेच सुचवेन. अजून एक, डेंग्यूनंतरचा थकवा कित्येक आठवडे रेंगाळू शकतो. तेव्हा पहिल्या महिन्यात हा आकडाही विसरा आणि डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

६००० ला 'नका' म्हणते, कारण ते मी करून बसले आहे. दुसऱ्या वर्षी माझं लक्ष्य तेवढंच होतं आणि १ डिसेंबरला ९०० बाकी होते. मग घाट बंद, मित्रमंडळींबरोबर टपरीवर चहाला थांबणं बंद. रोज पहाटे एकाच सपाट रस्त्यावर तीस किलोमीटरच्या येरझाऱ्या घातल्या. ३० तारखेला ६००० झाले, आणि जानेवारीत जिना उतरताना गुडघा पुढच्या बाजूने ठणकायला लागला. सीट थोडी खाली होती. एरवी ते खपून गेलं असतं, पण त्या महिन्यात शरीराला एकही सुट्टी दिली नव्हती. फिजिओथेरपीत दोन महिने गेले, तेही जानेवारी-फेब्रुवारी, ज्यांची आपण वर्षभर वाट बघतो. त्या थंडीत खिडकीतून लोकांचे टेललाइट लुकलुकताना बघून मला अक्षरशः रडू आलं होतं.

म्हणून आता मी किलोमीटरच्या आधी दिवस मोजते. आठवड्यातून चार दिवस सायकल बाहेर निघाली पाहिजे, मग बारा किलोमीटर होवोत की साठ. गेल्या वर्षी असे १९४ दिवस झाले आणि किलोमीटर ४७१२. सहा हजारांच्या वर्षापेक्षा कमी, पण चढ कितीतरी जास्त चढले.

चढाचं वेगळं सांगायला हवं, कारण किलोमीटरच्या वहीत घाटावर फार अन्याय होतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, सिंहगड सुमारे १३००. कोथरूडहून गडावर जाऊन आलं तर आकडा साठाच्याही आत राहतो. तेवढ्याच वेळात सोलापूर रस्त्यावर कितीतरी जास्त होतात. आकड्याच्या मागे लागलेला माणूस नकळत सपाट रस्ते निवडायला लागतो. बोपदेव, कात्रजचा जुना घाट, दिवे घाट हे सगळं आपल्या उंबरठ्यावर असताना ते टाळून वर्ष काढायचं, याचं मला खरंच वाईट वाटतं. महिन्यातून एक घाट एवढं लिहून ठेवा. (दिवे घाटासाठी माउलींची पालखी तिथून जाते तो दिवस तेवढा सोडा, रस्ता वारकऱ्यांचा असतो.)

मोठा आकडा हवाच असेल तर तो एका दिवसाचा ठेवा, २०० ची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत २०० किलोमीटर पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड. वेळ साडेतेरा तास, म्हणजे खाणंपिणं, पंक्चर, चेकपॉइंट सगळं धरून ताशी पंधराच्याही किंचित कमी. तुमच्या नऊ महिन्यांच्या सरावावर ती नक्की होईल. पुढच्या डिसेंबरची धरा, त्याआधी शंभराच्या दोन-तीन राइड करा, आणि आजच सीटची उंची तपासून घ्या. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात थोडासाच बाक राहायला हवा.

सिंहगडाला रविवारी जाऊ नका, गर्दीत चढताना लय लागत नाही. आम्ही काही जण बुधवारी पहाटे जातो, कोणाचीच घाई नसते. ताकद आली की कळवा, तुमच्या वेगाने चढू.