सोसायचं कुणी ठरवलं?

खानापूर तालुक्यातल्या एका बहिणीचं पत्र आलंय. अर्धांगवायूने सासूबाई चार वर्षं अंथरुणावर आहेत, वाचाही गेली. भरवणं, पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं हिच्याकडे. दीर गोव्यात. दोघी नणंदा बेळगावात. महिन्यातून एकदा अर्धा किलो कुंदा घेऊन येतात, 'किती करूलालीस गं वैनी' म्हणतात आणि पाचच्या बसने परत जातात. गुड फ्रायडेच्या उपासनेनंतर हिने मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांपाशी मन मोकळं केलं. ते म्हणाले, 'प्रभूने तोंड उघडलं नाही, तूही निमूट सोस.' त्याच आठवड्यात एका रात्री सासूबाईंचं अंथरूण ओलं झालं. ही जागी होती, पण सकाळपर्यंत उठली नाही. 'अक्का, मी ख्रिस्ती म्हणवून घ्यायच्या लायकीची उरले का?' असं विचारते.

बाई गं, आधी त्या रात्रीचं. चुकलं तुझं. देवाजवळ रडून झालंय, पण ज्यांची पाठ रात्रभर ओली राहिली त्यांच्याशी बोलायचं राहिलंय. जवळ बस आणि सांग, 'त्या रात्री मी जागी होते.' वाचा गेली म्हणून समज जातेच असं नाही.

आता त्या वडीलधाऱ्यांचं. 'तोंड उघडलं नाही' हे बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या 53व्या अध्यायातलं आहे, आणि हेरोद राजासमोर येशू खरंच गप्प राहिला. पण माणसं एक ओळ उचलतात आणि बाकीची पानं मिटून ठेवतात, त्यातही समोर सून असली की जास्तच. नासरेथकर त्याला कड्यावरून लोटायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात दगड उचलले, तेव्हाही निसटला. चौकशीत शिपायाने थोबाडीत मारली, तर त्याने विचारलं, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? हे निमूट सोसणं नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात तो सांगतो की माझा प्राण कुणी माझ्याकडून घेत नाही, मी आपणहून देतो. त्या 'आपणहून'वरच सगळं उभं आहे. ते काढलं तर वधस्तंभ म्हणजे नुसती रोमी शिक्षा उरते.

आणि तो होकारही सोपा नव्हता. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत तो पालथा पडून तेच मागणं तीनदा मागतो, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून. मित्रांना म्हणतो, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपतात, तर तसं त्यांना बोलूनही दाखवतो. मला तर सगळ्यात जवळचं वाटतं ते वधस्तंभावरचं. हातापायांत खिळे असताना त्याने आईची सोय लावली, शिष्याला सांगितलं, ही पाहा तुझी आई. म्हातारीला कुणी बघायचं हे त्याने गृहीत धरलं नाही, तोंडाने बोलून ठरवलं. मग 'मला तहान लागली आहे' असं म्हणाला, आणि कुणीतरी आंबट द्राक्षारसात भिजवलेला बोळा ओठांशी धरला तो घेतला.

तुझ्या घरात हे कधी ठरलं? चार वर्षांपूर्वी त्या दवाखान्यातून आल्या त्या दिवशी तुला कुणी विचारलं होतं? पत्रात तसं काही नाही. नवरा काय म्हणतो याचीही एक ओळ नाही, आणि ते मला जास्त खटकलं. आई त्याची आहे.

तेव्हा आधी त्याच्याशी बोल. मग त्यालाच बहिणींना आणि भावाला फोन लावू दे, तू शेजारी बस. नणंदांनी आळीपाळीने महिन्यातले दोन शनिवार मुक्कामाला यावं. कर्नाटकात शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे बेळगाव-खानापूरला भाड्याचं निमित्तही नाही. दिराला येणं जमत नसेल तर रात्रीच्या बाईचा पगार त्याने द्यावा.

कदाचित कुणीच येणार नाही. मित्र तर त्याचेही झोपलेच होते. पण विचारून झाल्यावर, नकार ऐकल्यावर, तू सासूबाईंच्या खाटेशी उभी राहशील की आणखी काही सोय बघशील, हे तुझं तू ठरव. दोन्हींतलं काहीही ठरवलंस तरी मला कळव.

आणि नणंद पुढच्या खेपेला कुंदा घेऊन आली तर घे. डबा फडताळात ठेव आणि धुतलेली चादर तिच्या हातात दे.