जिथे मिस्त्री, तिथे गाडी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू आजोबांची पद्मिनी, म्हणजे ती जुनी फियाट मोटार, घेऊन सांगलीच्या विश्रामबागेत आमच्याकडे आलीस, निळी फाईल मांडीवर धरून दोन तास बसलीस आणि उठताना एवढेच विचारलेस, की काका, गाडी मेलबर्नला नेऊ की नको ते एका शब्दात सांगा. मी तो एक शब्द सांगितला नाही. वडिलांनी मला आयर्विन पुलावर गाडी कशी शिकवली त्याच्या गोष्टी सांगत बसलो, तेवढ्यात तुझी काकू पोहे घेऊन आली आणि विषय तिथेच राहिला. तू फाटकाबाहेर गाडी वळवताना ती दोनदा बंद पाडलीस, हे मी गॅलरीतून पाहिले. आणि खरे सांगायचे तर हे पत्र त्या दोन वेळा बंद पडलेल्या इंजिनामुळेच लिहीत आहे.

गाडीत जीव अडकवणे शहाणपणाचे की वेडेपणाचे, या वादात मी शिरणार नाही. तुझा अडकला आहे, माझा अडकला होता, तेवढे पुरे. माझे म्हणणे एकच आहे आणि ते तुला या पत्रात कंटाळा येईपर्यंत वाचावे लागेल: जिथे मिस्त्री, तिथे गाडी. तू विसरून गेलेली फाईल मी दुसऱ्या दिवशी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. तिच्यात कायदे आहेत, दरपत्रके आहेत, जहाजांची वेळापत्रके आहेत. ही गाडी तिकडे कोण उघडणार, याविषयी एक ओळ नाही.

आणि कायद्याचेच म्हणशील, तर फाईलमध्ये पहिलाच कागद नाही. गाडी १९९२ ची, क्रमांक एमएच-१० चा, आणि नोंदणी अजून आजोबांच्या नावावर. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. वारसाच्या नावावर गाडी करण्याचा फॉर्म ३१ मृत्यूनंतर तीन महिन्यांत द्यायचा असतो. उशिराचा दंड भरता येईल, पण बाकीच्या वारसांच्या संमतीचे काय? तुझे बाबा सही करतील. आत्या करतील का? त्या गाडीतून त्यांची पाठवणी झाली आहे, हे तुला कुणी सांगितले नसावे. जी गाडी कागदावर तुझी नाही ती परदेशी नेण्याचे बेत तू करते आहेस, आणि तेही पंधरा वर्षांनंतरच्या पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणाची मुदत येत्या मार्चमध्ये संपत असताना. इथले नाव बदलल्याशिवाय आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र नाही, आणि त्याच्याशिवाय न्हावा शेवा बंदराच्या फाटकापर्यंत जाण्यातही अर्थ नाही. त्यापुढचे काम सोपे आहे: वीस फुटी कंटेनरमध्ये एक पद्मिनी आरामात मावते, टाकी जवळजवळ रिकामी करतात, बॅटरीच्या तारा काढतात, चाकांना पाचर मारून गाडी आवळतात. त्याची चिंता करू नकोस.

ऑस्ट्रेलियाचा मुख्य नियम तू बरोबर टिपला आहेस. तिथला २०१८ चा वाहन मानकांचा कायदा १ जुलै २०२१ पासून गाड्यांच्या आयातीला लागू झाला, त्यात पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी वाट आहे आणि तुझी गाडी त्या वाटेने जाऊ शकते. पण आयातीची मंजुरी गाडी जहाजावर चढण्याआधी हातात हवी. तुझा एजंट म्हणतो, "ताई, गाडी निघू दे, कागद मागून येतील." असे म्हणणाऱ्या माणसाला पहिला नमस्कार करून दुसरा माणूस शोध. मंजुरीवाचून तिथल्या बंदरात उतरलेली गाडी परत पाठवण्याचा खर्च तो करणार नाही. तसेच गाडी घरसामानातच धरली जाईल असे जे तुझ्या मैत्रिणीने सांगितले, तेही खोटे आहे. घरसामानाची सवलत तिथे मोटारीला मिळत नाही. गाडीची किंमत, वाहतूक, विमा आणि सीमाशुल्क या सगळ्यांच्या बेरजेवर दहा टक्के जीएसटी बसतो.

आता ज्या दोन गोष्टींनी मला घाम फोडला त्यांविषयी. पहिली ॲस्बेस्टॉसची, म्हणजे पूर्वी ब्रेकमध्ये घालत त्या उष्णता सोसणाऱ्या, पण फुप्फुसाला घातक खनिजाची. ऑस्ट्रेलियाने ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली आहे आणि ती जुन्या गाडीतल्या कणभर ॲस्बेस्टॉसलाही लागू आहे. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्यांचे लायनर, क्लच प्लेट, हेड गॅस्केट, सायलेन्सरच्या तोंडाचे गॅस्केट, यांपैकी कशात ॲस्बेस्टॉस आहे हे नुसते पाहून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणजे गाडी इथेच पूर्ण उघडायची, संशयाचा प्रत्येक भाग काढून बिनॲस्बेस्टॉसचा बसवायचा, काय काढले आणि काय घातले याची पावती, छायाचित्र आणि प्रयोगशाळेचा दाखला जपून ठेवायचा. तिकडच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही तर ते तुझ्या खर्चाने गाडी पुन्हा उघडून नमुने घ्यायला लावतील. हे काम कोण करणार? मिस्त्री. कुठे आहे तो? मिरज रस्त्यावर.

दुसरी गोष्ट मातीची. ऑस्ट्रेलियात परक्या देशाची माती, बी, गवताची काडी गाडीला चिकटून आलेली चालत नाही; गाडी तपासतात, माती सापडली तर धुवायला लावतात आणि बिल तुझ्या नावावर फाडतात. तुमची गाडी ऑगस्ट २०१९ मध्ये गावभागात चार दिवस पाण्यात होती. वरून ती धुतली, पॉलिश केली, गाद्या बदलल्या. पण दाराखालच्या उंबऱ्याच्या पोकळ पत्र्यात कृष्णेचा गाळ वाळून बसलेला आहे, हे मी रविवारी बोटाने ठोकून पाहिले आहे. तिथला आवाज भरीव येतो. हा गाळ काढायचा तर पत्र्याला भोके पाडून दाबाचे पाणी मारावे लागेल, आणि त्याच वेळी आतला पत्रा कितीसा उरला आहे तेही कळेल. ती बातमी ऐकायची मनाची तयारी ठेव.

एवढे सगळे करून गाडी मेलबर्नला पोहोचली, तर जुन्या गाड्यांच्या मान्यताप्राप्त क्लबचे सभासद होऊन तिथे वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांचा परवाना मिळतो आणि गाडी बाहेर काढण्याच्या प्रत्येक दिवसाची वहीत नोंद करावी लागते. तुझे आजोबा रोज सकाळी दूध आणायला पद्मिनी काढत. त्यांनी ती वही कशी भरली असती, याचा विचार करून मी एकटाच हसलो.

तू म्हणशील, काका स्वतः गाडी घेऊन गेले आणि मला मात्र अडवतात. होय, मी गेलो होतो. २००४ साली कॉव्हेंट्रीला नोकरी लागली, वडील आदल्याच वर्षी गेले होते, आणि त्यांची १९८१ ची पद्मिनी मागे ठेवणे मला त्यांना दुसऱ्यांदा पोहोचवण्यासारखे वाटले. वास्तव्य बदलणाऱ्याला इंग्लंडात करमाफी मिळते. बाहेर बारा महिने राहिलेले असावे आणि गाडी सहा महिने वापरलेली असावी, या दोन्ही अटी मी पुऱ्या करत होतो. पण १९९६ मध्ये वडिलांनी इंजिन बदलले होते आणि नवा क्रमांक आरसी पुस्तकात चढवलाच नव्हता. एजंट म्हणाला, कोण बघतो? बंदरावरच्या माणसाने पहिल्यांदा तेच बघितले. गाडी आठवडेच्या आठवडे तिथे उभी राहिली आणि जागेचे भाडे जहाजाच्या भाड्याच्या वर गेले. मग सीटबेल्ट बसवा, मागचा लाल धुक्याचा दिवा बसवा, ताशी मैल दाखवणारा काटा बसवा. हे सगळे मी केले. डावीकडून चालणारा देश, उजवीकडचे स्टिअरिंग, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा. पहिल्या दिवशी तिला रस्त्यावर काढली तेव्हा शेजारचे म्हातारे टोपी काढून उभे राहिले होते, हेही खरे आहे आणि ते सुख मी नाकारणार नाही.

परंतु इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातल्या पत्र्याची मिठाशी ओळख नव्हती. तिसऱ्या वर्षी वार्षिक तपासणीत गाडी नापास झाली. सीटबेल्ट जिथे पत्र्याला धरलेला असतो तिथपासून तीस सेंटीमीटरच्या आत गंज चालत नाही आणि माझ्या गाडीत तिथे गंजच उरला होता. वेल्डिंग केले, दोन हिवाळ्यांनी पुन्हा नापास. गॅरेजमधले तरुण सभ्य होते, ताशी दराने पैसे घेत आणि कार्ब्युरेटरकडे वस्तुसंग्रहालयातल्या भांड्याकडे पाहावे तसे पाहत. आपल्या मिरज रस्त्यावरच्या मिस्त्रीने नुसत्या आवाजावरून सांगितले असते, की साहेब, पॉइंट जळालाय. मी मेकॅनिकल इंजिनिअर, पण वडिलांच्या गाडीचे बॉनेट मी जन्मात कधी स्वतः उघडलेले नव्हते. जिथे मिस्त्री, तिथे गाडी, हे वाक्य मला तिथे, त्या थंडीत, गाडीच्या पोटाखाली झोपून सुचले.

२०१२ मध्ये परत आलो तेव्हा ती परत आणावी म्हणून धडपडलो. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात सहसा आणता येत नाही. कुर्ल्यात जन्मलेली आणि तेवीस वर्षे सांगलीत धावलेली गाडी आपल्याच देशाला परकी झाली. तुझ्या फाईलमध्ये ही ओळ कुठेही नाही, म्हणून ती ठळक लिहून घे: एकदा गेलेली गाडी परत येईल असे धरून चालू नकोस. शेवटी तिथल्या एका फियाटवेड्या माणसाला ती सुट्या भागांसाठी दिली. लोक म्हणतात की मी बापाची गाडी मोडीत काढली. मी ती चालती ठेवण्यासाठी आठ वर्षे जे केले ते बोलणाऱ्यांनी पाहिलेले नाही. आणि इथे ठेवली असती तरी काय झाले असते? २००५ च्या पुरात आमच्या वाड्यात पाणी शिरलेच होते. गाडी बुडालीच असती. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगतो. मग आठवते, की समोरच्या डॉक्टरांची ॲम्बॅसडर त्याच पुरात तीन दिवस बुडाली होती, मिस्त्रीने ती उघडली, वाळवली, पंधरा दिवसांत चालू केली, आणि पुढे दहा वर्षे ती धावली, शेवटची काही वर्षे तर माझ्या डोळ्यांदेखत.

तेव्हा माझे उत्तर 'नको' असे आहे, असे तू समजशील. तसे ते साडेपंधरा आणे आहे. उरलेल्या अर्ध्या आण्याविषयी लिहितो. तुला जायला अजून सात महिने आहेत. तुझ्या पदवीवर ज्या वालचंदांचे नाव आहे, त्यांनीच १९४४ मध्ये ही गाडी करणारी प्रीमियर कंपनी काढली. पण वालचंद कॉलेजच्या पदवीने लायनर बदलता येत नाहीत. मिस्त्री तिकडे नेता येत नसेल तर मिस्त्री तू हो. दर शनिवारी त्याच्या हाताखाली बस, ड्रम काढ, कार्ब्युरेटर खोलून रॉकेलमध्ये धू, पॉइंटचा गॅप स्वतः लाव. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. ज्या टॅक्स्यांच्या जिवावर या गाडीचे सुटे भाग बाजारात येत होते त्या आता नाहीत, म्हणून मिस्त्रीकडच्या जुन्या खोक्यांतून काय जमवायचे तेही त्याच्याकडूनच शिक. सात महिन्यांनी ही गाडी तुला एकटीला उघडून जोडता आली, तर मी स्वतः न्हावा शेव्यापर्यंत येईन. आली नाही, तर ती आमच्या शेडमध्ये ठेव. शेडचे जोते मी २०१९ च्या पाण्याच्या खुणेहून दोन हात वर घेतले आहे, आणि दर रविवारी मी ती चालू करीन. यात माझा स्वार्थ आहे, हे तुझ्या काकूने तुला आधीच सांगितले असेल.

या शनिवारी सकाळी सात वाजता जुने कपडे घालून गाडी घेऊन ये. मागचे डावे चाक आपण मिस्त्रीसमोर काढू. त्याआधी आत्यांकडे जाऊन ये, फोनवर काही बोलू नकोस, भडंग घेऊन जा आणि जेवण झाल्यावरच सहीचा विषय काढ. आणि चोक थंड इंजिनाला पूर्ण ओढायचा असतो, मग इंजिनाने दम धरला की थोडा थोडा आत न्यायचा. तू फाटकाशी तो एका झटक्यात आत ढकलतेस, म्हणून ती बंद पडते.

तुझा,
फियाटवाला काका