ग्रहावरील तोफांना ठरावीक अंशांचा आर्क का देऊ नये

आपल्या अंतराळयुद्धाच्या खेळात ग्रहावरील प्रत्येक तोफेला १८० अंशांचा फायरिंग आर्क (तोफ जेवढ्या कोनात मारा करू शकते तो पट्टा) द्यावा का आणि संपूर्ण ग्रहाच्या रक्षणाला किती तोफा पुरतील, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ठरावीक अंशांचा आर्क देऊच नये. तोफेच्या जागी ग्रहाच्या वर्तुळाला स्पर्शरेषा काढावी आणि अंतराळजहाज त्या रेषेच्या बाहेरच्या अंगाला असेल तरच मारा होऊ द्यावा. बरेच जण ही रेषा ग्रहाच्या केंद्रातून काढतात आणि तिथेच गणित बिघडते.

पृथ्वीचेच उदाहरण घेऊ. त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली, तर ४०० किलोमीटर उंचीवरील जहाज त्याच्या थेट खालच्या बिंदूपासून सुमारे २२०० किलोमीटरांच्या आतील तोफांनाच दिसते, म्हणजे जेमतेम ३ टक्के पृष्ठभागावरून. भूस्थिर कक्षेतील, म्हणजे सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील जहाज मात्र ४२ टक्के पृष्ठभागावरून दिसते. म्हणून तोफांची संख्या उंची ठरवल्याशिवाय सांगता येत नाही. समचतुष्फलकाच्या (चार समभुज त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) शिरोबिंदूंवर चार तोफा ठेवल्यास पृष्ठभागापासून दोन त्रिज्यांपलीकडचे सारे आकाश माऱ्यात येते. ४०० किलोमीटरांसाठी नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशेबानेच ३४ तोफा लागतात आणि तोफांच्या टप्प्यांची वर्तुळे एकमेकांवर चढत असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक.

याचा डावपेचांवर होणारा परिणाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दूरवरच्या जहाजावर ग्रहावरील जवळजवळ निम्म्या तोफा एकाच वेळी रोखता येतात, पण तेच जहाज खाली उतरले की त्याच्यासमोर एखाददुसरीच उरते आणि मग ते एकेक तोफ गाठून नष्ट करू शकते. तेव्हा जवळ येणाऱ्या हल्लेखोराला सरसकट अधिक धोका लावणारा नियम भूमितीच्या विरुद्ध जातो. हल्ल्याची खरी किंमत हल्लेखोर वरून खाली येताना मोजतो.

किरणास्त्रांच्या (लेझरसारख्या शस्त्रांच्या) बाबतीत क्षितिजालगतचे १० अंश वगळावेत, कारण तिरप्या किरणाला हवेचा फार जाड थर भेदावा लागतो. एवढ्याने ४०० किलोमीटरांवरचे ते ३ टक्के १.१ वर येतात आणि डोक्यावरून जाणारे जहाज दहाऐवजी सहा मिनिटेच टप्प्यात राहते. आपल्या खेळातील एक फेरी पंधरा मिनिटांची असेल, तर ते जहाज फेरीच्या मध्येच येऊन निघून जाईल. म्हणून फेरीअखेरची जागा न पाहता त्याचा संपूर्ण मार्ग तपासावा.

क्षेपणास्त्रांना क्षितिजाची अशी अट नको, मात्र लक्ष्य दाखवणारा उपग्रह किंवा दुसरी तोफ त्यांच्यासाठी सक्तीची ठेवावी.