मोगलाई, कोरा सातबारा आणि अर्धा कोयता

बत्तीस वर्षं तलाठी म्हणून परभणी-जालन्याकडची गावं फिरलो. शब्दकोशापेक्षा चावडीवर जास्त शब्द ऐकले. या वेळी पत्रं बरीच आली, त्यांतली चार घेतो. शेवटच्या पत्रात मलाच झापलंय.

माझी मुलगी पुण्यात शिकते. रांगेत थोडी पुढं सरकली तर मागची बाई ओरडली, "काय मोगलाई लागून गेली का?" मोगल जाऊन जमाना झाला, मग हा शब्द अजून कसा? – एक वाचक, सेलू

त्या बाईनं नकळत तुमच्या मुलीचं गावच काढलं! मोगलाई म्हणजे आपणच, आपला मराठवाडा.

पहिला निजाम हा दिल्लीच्या बादशहाचा दख्खनचा सुभेदार. १७२४ पासून तो इथं स्वतःच्या हिमतीवर राज्य करू लागला, तरी पेशव्यांच्या कागदांत तो 'मोगल'च राहिला आणि त्याचा मुलूख 'मोगलाई'. पुढं १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, नगर इंग्रजांकडं गेलं. गोदावरीच्या अलीकडचं पैठण-गंगापूर मात्र निजामाकडंच. नदी ओलांडली की माणूस मोगलाईत. हे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत चाललं.

माझ्या आईचं माहेर शेवगावकडचं. आम्ही पोरं सुट्टीत गेलो की मामा अंगणातूनच हाळी द्यायचा, "मोगलाईतले पाहुणे आले गं, दोन भाकरी जास्त थाप!" निघताना हातावर रुपया ठेवायचा आणि म्हणायचा, "कलदार आहे. तुमच्याकडची हाली नाही." तोवर दोन्ही नाणी इतिहासजमा झाली होती, चिडवणं तेवढं चालू होतं. 'कल' म्हणजे यंत्र, म्हणून इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला रुपया तो कलदार. निजामाचा तो हाली सिक्का. त्याचं नाव 'हाल' म्हणजे चालू यावरून पडलं. सहा कलदारांना सात हाली मोजाव्या लागत. म्हणजे मामाच्या टोमण्यात हिशोबही होता. आई हसायची, पण परतताना एसटीत गप्प असायची.

आता मोगलाईचा अर्थ 'अंदाधुंदी' का झाला? माझ्या मते वसुलीमुळं. मुलूख निजामाचा, पण मराठे त्यातून चौथाई घेत, म्हणजे महसुलाच्या २५ टक्के, आणि वर सरदेशमुखीचे १० टक्के. रान एक, मागणारे दोन. त्यात शिरजोर असेल त्याचं चालायचं. बदनामी मात्र एकट्या मोगलाईच्या नावावर चढली. फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, मंजूर करताना दुसऱ्या बाजूला नोटीस द्यावी लागते, इथं ती कोणी दिलीच नाही.

आमच्या कॉलेजात बेंचवर कोणी पसरून बसलं की म्हणतात, "सरक की, बेंच काय तुझ्या सातबाऱ्यावर आहे का?" आणि उधारी फिटली की "सातबारा कोरा झाला." सात आणि बारा कशाचे? – एक विद्यार्थिनी, नांदेड

हा तर माझ्या पोटापाण्याचा शब्द. गावच्या दप्तरात ठरावीक नमुने असतात. नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक काय. दोन्ही एकाच कागदावर आले आणि झाला सातबारा. बेंचचा मामला नमुना सातमध्ये मोडतो.

'कोरा'ची गंमत अशी की सातात 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. पीककर्ज काढलं की बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथं चढतो. कर्ज फिटलं की बोजा उतरतो आणि तो रकाना मोकळा होतो. कोरा होतो तो एवढाच. एका आजोबांना मात्र कर्जमाफीच्या वर्षी कोणीतरी सांगितलं, "सरकार तुमचा सातबारा कोरा करायलंय." म्हातारा घाबराघुबरा होऊन माझ्याकडं आला. "साहेब, कोरा नका करू हो. माझं नाव राहू द्या त्याच्यावर!" उतारा काढून, बोट ठेवून नाव दाखवलं, तेव्हा कुठं चहा प्याला.

कायदा बदलला. आता लबाडाला 'चारसोबीस' म्हणायचं की 'तीनशे अठरा'? – एक वाचक, लातूर

१८६० च्या दंड संहितेत फसवणुकीचं कलम ४२० होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात फसवणूक कलम ३१८ मध्ये आहे. पण 'तीनशे अठरा' म्हणून शिवी दिल्यासारखं वाटतच नाही. चारसोबीसच ठेवा.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलं, 'कोयता म्हणजे ऊसतोड मजूर.' साफ चूक. तुम्ही कधी फडात गेलात का? – एक वाचक, वडवणी, जि. बीड

चूक कबूल. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गडी एकटाच असेल तर तो अर्धा कोयता, आणि त्याला उचलही त्या मानानं कमी. उचल म्हणजे हंगामाच्या आधी मुकादम देतो ती आगाऊ रक्कम. पुढं दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ऊस तोडून ती फेडायची.

हे मला कळायला हवं होतं, कारण एकदा याच शब्दानं मी तोंडावर पडलो होतो. बाहेरगावी गेलेल्यांची यादी करायची होती. मुकादमानं सांगितलं, "बारा कोयते गेले." मी लिहिलं, बारा. शाळेतल्या गुरुजींनी पोरांची नावं ताडून पाहिली, तर गेलेली माणसं निघाली चोवीस. मी मुकादमाची वही मागवली. पानावर बारा नावं होती, पुढं उचलीचे आकडे आणि अंगठे. सगळे गड्यांचे. बाकीच्या बारा जणींची नावं शेवटी गुरुजींनी पोरांना विचारून लिहून घेतली.